मग चिठ्ठ्या टाका की!

काल रात्री देवळात गावसभा झाली आणि यात्रेची पट्टी, म्हणजे वर्गणी, ठरली. पंचांनी सांगितलं, "मंजूर असेल त्यांनी हात वर करा." पुढच्या चार-पाच जणांचे हात वर गेले, त्यांच्याकडं बघून मागच्यांचे. झालं, एकमतानं मंजूर! आणि आज सकाळपासून नळावर, दुकानात, बसची वाट बघताना ज्याच्या त्याच्या तोंडात एकच, "जास्तच झाली हो पट्टी."

मग काल हात कुणाचे होते?

शेजारचे मामा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. सभेला जाताना म्हणाले होते, "मी काय हो म्हणत नाही बघ. पोरीच्या लग्नाचंच अजून फेडतोय." सभेत खांबाला टेकून बसले. मी बायकांच्या बाजूनं बघत होते. त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, टोपी सारखी केली आणि तोच हात तसाच वर गेला.

बरं, पट्टीवर भागतंय का? घर रंगवायचं, मांडव घालायचा, लेकीबाळींना साड्या, पै-पाहुण्यांच्या पंगती. शेजाऱ्यानं दोन बकरी पाडली की आपण एकावर कसं भागवायचं? गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या आसनावर, बसलेल्या देवीला ओटीचा खण-नारळ पुरतो, तिनं कधी कुणाला कर्ज काढ म्हटलेलं नाही. आपण शेजाऱ्याकडं बघून खर्च करतोय आणि तो आपल्याकडं बघून! आता मामींच्या पाटल्या गहाण पडणार, सुनेला बायकांच्या बचत संघातून उचल घ्यावी लागणार. तिचा एक हप्ता चुकू दे, संघातल्या बाकीच्या बायका दारात उभ्या राहतील.

डी.एड.ला सॉलोमन अॅशचा प्रयोग शिकले होते. 1950 च्या दशकातला, अमेरिकेतला. तीन रेघांतली कुठली नमुन्याच्या रेघेएवढी, एवढंच सांगायचं. लहान पोरगंही सांगेल. पण खोलीतले बाकीचे आधीच पढवलेले, ठरवून चुकीचं सांगणारे. ते चुकीचं बोलले की त्या एकट्या माणसाची सरासरी तीनातलं एक उत्तर त्यांच्या मागं जायचं. रेघ डोळ्यांसमोर असताना! आणि ती सगळी अनोळखी माणसं. इथं तर अख्खी भावकी समोर बसलेली, मामांनी काय करायचं? पण त्याच प्रयोगात एक जण जरी खरं बोलला, की चुका पाव हिश्शावर यायच्या. उत्तर कागदावर गुपचूप लिहायला दिलं तरी माणसं बहुतेक बरोबरच लिहायची.

गावाच्या एकीवर बोलू नको म्हणाल. 17 जानेवारी 1956 ला महाराष्ट्रात जाण्यासाठी बेळगावात गोळ्या झेलणारी माणसं चिठ्ठ्या टाकून रस्त्यावर उतरली नव्हती, मान्य. पैऱ्याशिवाय, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबल्याशिवाय, आमची रोप लावण होत नाही, तेही मान्य. यात्रेआधी वार पाळायचा, म्हणजे त्या दिवशी शेतात जायचं नाही, म्हटलं की अख्ख्या शिवारात एक माणूस दिसत नाही, पहारा ठेवावा लागत नाही. एवढं ऐकणारं गाव आहे, तर त्याला विचारताना तरी नीट विचारा ना!

संध्याकाळी मामांना रागानंच विचारलं. म्हणाले, "पोरी, चारचौघांत मी एकट्यानंच हात खाली ठेवला, तर उद्या आमच्या दारात कोण येणार?" मला पुढं बोलवेना. डोळे भरून आले होते त्यांचे.

पंचांवर माझा राग नाही. रात्री-अपरात्री पेशंटला दवाखान्यात न्यायला गाडी काढतात ती हीच माणसं. त्यांनी हात मोजले, त्यांना खरंच वाटतंय गाव खूश आहे. त्यांना खरं कळणार कसं?

म्हणून यात्रेआधी अजून एक सभा घ्या. फळ्यावर पट्टीचे तीन आकडे लिहा आणि चिठ्ठ्या टाकायला लावा, नाव न लिहिता. जेवणं साधी ठेवायची का, तेही त्याच चिठ्ठीवर विचारा. कागद मी कापून आणते, डबाही आणते. आणि चिठ्ठी घरटी एक नको. पाटल्या ज्यांच्या जातात, त्या बायकांना वेगळी द्या.