खुलासा : बाळंतपणाच्या पिशवीत मध नको

मागच्या आठवड्यात मी इथे नवव्या महिन्यात भरून ठेवायच्या पिशवीची यादी टाकली होती. त्यात ‘बाळाला चाटवायला मध’ आणि ‘पहिलं पिवळं दूध पिळून टाकावं’ असं लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. तीच यादी आता जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरतेय, म्हणून हा खुलासा.

आमच्या आशाताईंनी (गावच्या आशा आरोग्य स्वयंसेविका) फोन करून समजावलं. मग वहिनीचं माता-बाल संरक्षण कार्ड काढून पाहिलं, तिथेही तेच : जन्मानंतर तासाभरात आईचं दूध पाजा. ते पिवळं दूध म्हणजे चीक. त्यात रोगाशी लढणारे घटक असतात. गाय व्यायली की खरवसासाठी आपण चीक जपतो अन् लेकराचा मात्र फेकतो! मधातल्या जंतूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. पहिले सहा महिने वरचं पाणीही नको, आपल्या खान्देशच्या उन्हाळ्यातसुद्धा.

दुपटी, टोपडी, कार्ड, रुग्णवाहिकेचा १०२ नंबर हे बाकीचं बरोबर आहे. जुनी यादी पुढे पाठवू नका. पाठवली असेल तर हा खुलासाही तिथेच टाका.