जे लढले नाहीत त्यांचं स्मारक

नागपूरच्या मित्रांशी फोनवर बोलताना एक वाद हमखास निघतो. जे लढलेच नाहीत त्यांचं स्मारक कशाला? जवानांचं करा, उरलेल्या पैशांत दवाखाने बांधा. मला हे मुळीच पटत नाही, आणि त्याचं कारण लंडनच्या बेथनल ग्रीन बागेत आहे.

३ मार्च १९४३ च्या रात्री तिथे हवाई हल्ल्याचा भोंगा झाला. लोक भुयारी स्टेशनात आसऱ्याला निघाले. जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून नवी विमानवेधी रॉकेटं सुटली. त्या अनोळखी आवाजाने गर्दी बिथरली, अंधाऱ्या जिन्यावर एक बाई अडखळली आणि १७३ माणसं गुदमरून मेली. त्यांत ६२ मुलं होती. बॉम्ब तर तिथे एकही पडला नव्हता! प्रवेशद्वार धोक्याचं आहे, दुरुस्ती करू द्या, असं स्थानिक पालिकेने आधीच कळवलं होतं. वरून नकार आला. चौकशीचा अहवालही दाबून ठेवला गेला.

पुढे वाचलेल्यांनी आणि नातलगांनी ट्रस्ट काढला, वर्षानुवर्षं वर्गणी मागितली. २०१७ मध्ये बागेच्या कोपऱ्यात, त्या जिन्याशेजारीच, सागवानी उलटा जिना उभा राहिला. त्यावर सगळ्यांची नावं आहेत. एकच आडनाव लागोपाठ येतं तेव्हा घरंच्या घरं गेली हे कळतं.

आणि आपली नागपूरची बर्डी, म्हणजे सीताबर्डी? २३ नोव्हेंबर १९९४ ला अनुसूचित जमातीच्या सवलती मागत गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. लाठीमार, पळापळ, चेंगराचेंगरी. ११४ जण गेले, त्यांत बाया आणि लेकरंच जास्त. ते युद्ध नव्हतं, हा फरक मी पुसत नाही. पण दोन्हीकडे निःशस्त्र माणसंच चिरडली गेली, आणि दोन्हीकडे ते टाळता आलं असतं.

झिरो माइलजवळ गोवारींचं स्मारक आहे, उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. दर नोव्हेंबरला समाज गावोगावहून येऊन फुलं वाहतो. बाकीचं शहर पुलावरून निघून जातं, हे मला फार लागतं. बेथनल ग्रीनमध्ये माझं कुणी गेलं नाही, तरी मार्चमधल्या स्मृतिसभेत मला कुणी परकं मानलं नाही.

दवाखाना हवाच. पण हिवाळी अधिवेशनावर मोर्चे आजही येतात. बंदोबस्ताच्या प्रत्येक अधिकाऱ्याला आधी त्या स्मारकापाशी न्या, आणि बर्डी-धरमपेठेतल्या शाळांनी आपली मुलंही न्यावीत.