आधी सिम, मग ब्लॉक

फोन चोरीला गेला की गूगलवरून लगेच सगळा डेटा पुसा, असं एका लेखात म्हटलंय. जरा थांबा! अँड्रॉइडवर डेटा पुसला की लोकेशन दिसणंही बंद होतं. आधी फोन दुरून लॉक करा, सिम बंद करा, बँकेला कळवा. मग पोलीस तक्रारीची प्रत घेऊन 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक करा; तो फोन देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. गोची ओटीपीची: ब्लॉकच्या अर्जासाठी तो तुमच्याच नंबरवर एसएमएसने येतो. डुप्लिकेट सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तास जाऊ शकतात, तेव्हा सिमच्या दुकानात आधी जा. आयएमईआय खोक्यावर, बिलावर असतो. (खोकी आपल्याकडे माळ्यावर जपून ठेवलेली असतातच, त्याचा एकदाचा उपयोग!) आणि 'तुमचा फोन सापडला, इथे पासवर्ड टाका' असा मेसेज आला तर तो चोराचाच समजा.