बोल्ट सरकला? मारा घण!

काँक्रीट ओतताना फाउंडेशन बोल्ट, म्हणजे शेडचे कॉलम (खांब) पायाला जखडणारे बोल्ट, सरकतात, हे शेडची कामं करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही बोल्ट जागेवर धरणारी टेम्प्लेट नीट बांधायची नाही, बांधलीच तर तारेने गुंडाळायची, आणि काँक्रीट नीट बसवणारा वायब्रेटर बोल्टाला लावून खुशाल फिरवायचा! ओतकाम चालू असताना बोल्टांची सेंटरलाइन (मधली रेषा) पुन्हा तपासायला कुणी येत नाही. महिन्याभराने क्रेन येते, कॉलम हवेत लटकतो आणि त्याच्या तळाची बेस प्लेट बोल्टांवर बसत नाही. मग क्रेनचं भाडं चढतंय म्हणून सगळ्यांचा डोळा गॅस कटरवर.

संताप येतो तो इथे. बोल्ट लालभडक तापवून घणाने वाकवतात. अहो, ८.८ ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीचा बोल्ट आहे तो! त्याची ताकद कारखान्यातल्या उष्णता प्रक्रियेतून आलेली असते, ती ज्योतीत जाते. वरून रंग मारला की कुणाला कळणार? वारा शेड उचलू पाहतो तेव्हा कॉलमला धरून ठेवणारे हेच बोल्ट असतात.

थोडं अंतर चुकलं असेल तर डिझायनरला विचारून बेस प्लेटचं भोक मोठं करा आणि वर जाड प्लेट वॉशर वेल्ड करा. जास्त चुकलं असेल तर काँक्रीटमध्ये नवं भोक पाडून केमिकल अँकर (रसायनाने चिकटवलेला बोल्ट) बसवा, पण त्याची खोली आणि कडेपासूनचं अंतर हिशोबाने ठरू द्या. एक फोन करायला काय जातं? पण नाही, सुपरवायझर म्हणणार, "साहेब, प्लेटखाली भरायच्या ग्राउटमध्ये (पातळ सिमेंट मसाल्यात) झाकून जाईल."