बाईच्या छातीत दुखलं तर ओवा द्यावा

गणपतीला गावी गेला असाल तर हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. तरीही सांगतो, कारण आमच्या घरी गौरीच्या दुसऱ्या दिवशी याचा पूर्ण प्रयोग झाला.

पहिली गोष्ट, हार्ट अटॅक हा पुरुषांचा आजार आहे. तो येतो तेव्हा माणूस मालिकेतल्यासारखा डावा हात छातीवर दाबून सोफ्यावर कोसळतो. काकी कोसळली नाही. पहाटे चारपासून चौदा माणसांचं रांधून झाल्यावर ती पडवीत खांबाला टेकली आणि म्हणाली, दाढ ठणकते, पाठीत भरून आलंय. मग घाम, मग दोनदा उलटी. यातलं काहीच छातीत नाही, तेव्हा हृदयाचा संबंध नाही. दाढेत लवंग धरावी.

लवंगेने भागलं नाही तर ओवा. ओव्याने नाही तर सोडा. काका झोपाळ्यावरून म्हणाले, "गॅस झालो आसतलो." काकी स्वतःच म्हणाली, "माका काय्येक झाला नाय, पित्त आसा." रुग्णानेच निदान केल्यावर आपण कोण बोलणार?

बीपी तपासू नये. काकांची साखर दर तीन महिन्यांनी तपासली जाते, घरात एवढं पुरे.

बाळंतपणात बीपी किंवा साखर वाढली होती, हे बाळाच्या बारशालाच विसरावं. पुढे हृदयविकाराचा धोका त्याने वाढतो म्हणे. पण पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनचं संरक्षणही जातं, ते कुठे कोण मोजतं?

मिश्रीला तंबाखू म्हणू नये.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिने पावसाळ्यातलं आमचं ताट पाहिलेलं नाही. खारा बांगडा, पापड, लोणचं, आणि सगळ्यांची पानं उठल्यावर बाईच्या वाट्याला उरलेलं तेच.

व्यायाम? घरकाम आहे की.

आता डॉक्टर. फारच घाबरलात तर तालुक्याला न्यावं. आमच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, पोट दाबलं आणि म्हणाले, "या वयात बायकांना होतंच. गॅसेस आणि थोडं टेन्शन." ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. ईसीजीचं मशीन टेबलावरच होतं, वर विणलेला रुमाल घातलेला, त्यावर पेनस्टँड. पाच मिनिटांचं काम. अशा पेशंटचा ईसीजी दहा मिनिटांत काढायचा, हे डॉक्टरांना मी का सांगायचं? हीच लक्षणं घेऊन काका गेले असते तर रुमाल उचलला गेला असता की नाही? मी तेव्हा हे विचारलं नाही. फी दिली, आभार मानले आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी काकीला दोन पावलं चालताना धाप लागली, तेव्हा गाडी काढली. महामार्गाचं नाव काढत नाही. गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत पहिल्या ठणक्याला अठ्ठावीस तास झाले होते. हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन बारा तासांच्या आत द्यायचं असतं, आणि त्यातही पहिल्या तासा-दोन तासांत दिलं तर खरा उपयोग. हृदयाचा जो स्नायू मेला तो मेला. आता स्टेंट आहे आणि सात गोळ्या आहेत.

पुरे झाली थट्टा. बायकांच्याही छातीत दुखतंच. पण जबडा, पाठ, मान, मळमळ, घाम, धाप, नुसता थकवा हेही असतं, कधी कधी एवढंच असतं. घरात बाई अशी बसली तर ओव्याचा डबा शोधत बसू नका. १०८ लावा, ईसीजी काढायला लावा. पहिला ठीक आला आणि त्रास चालूच असला तर पुन्हा काढायला लावा, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तपासायला लावा. डॉक्टर चिडले तर चिडू देत. आणि बायांनो, "माका काय्येक झाला नाय" हे एकदा बंद करा. चौदा माणसं उपाशी मरणार नाहीत.

ओवा मीच दिला होता. मुंबईहून आलेला शिकलेला पुतण्या मी.

काकी परवा घरी आली. काल सकाळी झोपाळ्यावरून आवाज आला, "आज घावने नायत?" काका, तांदळाचा डबा कुठे असतो तो आधी शोधा. आणि तिची गोळी नऊची आहे, ती तुम्ही द्यायची.