मागं बाई असणारच

एकत्र कुटुंबात टीव्ही बघणं हे कष्टाचं काम आहे, आणि ज्याच्या हातात रिमोट असतो तो त्या कामावरचा मुकादम. आमच्याकडं हे मुकादमपण माझ्याकडं आहे. ते मला कुणी मुद्दाम दिलेलं नाही. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आणि हॉलमधून स्वयंपाकघरात दिवसभर ये-जा करणारी मी एकटीच, त्यामुळं "जाता जाता तेवढं बदल गं" म्हणत म्हणत ते गळ्यात पडलं. रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी घालून वर रबर लावलेलं आहे. आवाज कमी करायला गेलं तर कधी कधी भाषाच बदलते.

माझं खरं कसब मात्र पुढं पळवण्यात आहे. पडद्यावरची दोन माणसं एकमेकांकडं जरा जास्त वेळ बघायला लागली, मागचं संगीत मंदावलं, की माझा अंगठा आपोआप वळवळतो. त्याच क्षणी आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, खोकला येतो. आमचे हे मोबाइलमध्ये हवामान बघायला लागतात. सासूबाई "गॅस बंद केलास ना गं?" असं विचारतात. गॅस बंद असतो. तो प्रसंग पुढं सरकेपर्यंत आम्ही सगळे गॅसबद्दल बोलतो.

यंदा गौरीजेवणाच्या दिवशी सगळं गणगोत आमच्या साताऱ्याच्या मंगळवार पेठेतल्या घरी होतं. कोरेगावहून आत्ती आणि मामा, कऱ्हाडहून दीर-जाऊ आणि पुण्यात वकिलीचं शिकणारी त्यांची गार्गी. पुरणपोळी आणि कटाची आमटी पोटात जाऊन हॉलभर गाद्यांवर माणसं आडवी पडलेली. बाहेर पाऊस. यवतेश्वरावरून ढग खाली उतरले की आमच्या केबलचा सिग्नल वर निघून जातो, त्यामुळं सासूबाईंची मालिका ऐन मंगळसूत्र तुटायच्या बेताला बंद पडली. तेव्हा माझे चिरंजीव ओंकार म्हणाले, "नेटवरचं काहीतरी लावतो. फॅमिली कॉमेडी आहे, नावातच फॅमिली आहे."

नाव 'मॉडर्न फॅमिली'. अमेरिकेत ही मालिका २००९ साली सुरू झाली आणि २०२० पर्यंत चालली. ११ सीझन, २५० भाग. लॉस एंजेलिसमधल्या एका कुटुंबाची तीन घरं. एका घरात जे नावाचा म्हातारा आणि त्याची दुसरी बायको, दुसऱ्या घरात त्याची मुलगी, जावई आणि त्यांची तीन मुलं, आणि तिसऱ्या घरात त्याचा मुलगा मिचेल, मिचेलचा जोडीदार कॅमरन आणि व्हिएतनाममधून दत्तक आणलेली त्यांची तान्ही लेक लिली.

हे तिसरं घर ओंकारनं मला आधी सांगितलं असतं तर मी पापड तळायला बसले असते.

पण झालं असं की पहिला घाव जेवर बसला. त्याची बायको त्याच्यापेक्षा कितीतरी लहान, देखणी, मूळची कोलंबियाची. "या वयात?" सासूबाई उठून बसल्या. आत्ती म्हणाल्या, "पहिलीचं काय केलं यानं?" घटस्फोट झालाय म्हटल्यावर जेच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला. संस्कृतीचा बहुतेक सगळा साठा तिथंच खर्ची पडला. मिचेल आणि कॅमरन पडद्यावर आले तेव्हा हॉल जरा दमलेला होता.

पण आमच्याकडं नातं लागल्याशिवाय कुणाला काही बघता येत नाही. मोठ्या आई, म्हणजे आमच्या आजेसासूबाई, मेढ्याकडच्या. नव्वदीला टेकल्यात, पण नजर शाबूत आहे. त्यांनी विचारलं, "ह्यो जाडा त्येचा कोन? भाऊ का मेव्हना?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. रिमोटवाल्यानं ही कामंही करायची असतात. ओंकार तोंड उघडून इंग्रजीत काहीतरी सांगणार, तेवढ्यात मी म्हणून टाकलं, "मोठ्या आई, त्या दोघांचा संसार आहे. पोरगी त्यांची आहे."

आप्पा खोकले. "गॅस..." असं सासूबाईंनी सुरू केलं. मोठ्या आईंनी पडद्याकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "मग त्या पोरीच्या डोस्क्याला टोपडं का न्हाई? इमानात वारं किती आसंल!"

तिथून पुढं जे सुरू झालं त्याला माझा अंगठा पुरा पडेना. विमानात कुणीतरी काहीतरी बोललं, ते आपल्यालाच उद्देशून आहे असं समजून मिचेल तावातावानं उभा राहिला आणि त्यानं सगळ्या प्रवाशांना प्रेमावर भाषण ठोकलं. मग कळलं की ती बाई पोरीच्या हातातल्या क्रीम पफबद्दल बोलत होती. मामा यावर फस्सकन हसले आणि लगेच गंभीर झाले. मामा निवृत्त मुख्याध्यापक आहेत. "असलं काय लावता घरात, सणासुदीचं," ते म्हणाले. पाच मिनिटांनी म्हणाले, "आणि आवाज का कमी केलाय?"

पुढं कॅमरननं पोरीला घरच्यांसमोर आणलं. अंगात झगझगीत झगा, 'लायन किंग'चं गाणं, आणि पोरगी दोन्ही हातांनी वर उचललेली. आत्ती किंचाळल्या, "अरे मान धर तिची! मान!" त्या कोरेगावच्या अर्ध्या गल्लीची बाळंतपणं काढलेल्या. अंग चोळून, शेक देऊन, धुरी देऊन झाल्याशिवाय त्यांच्या हातातलं बाळ कुणाला बघायला मिळत नाही. मग पोरीची खोली दाखवली. भिंतीवर त्या दोघांचंच भलंमोठं चित्र, पंख लावून हवेत तरंगताना. मोठ्या आई म्हणाल्या, "रातच्याला जागी झाली तर फिट येईल तिला." मुळात एवढ्याशा पोरीला वेगळ्या खोलीत निजवतात यावर हॉलचं पूर्ण एकमत झालं. आमच्या घरात असं एकमत याआधी वाटणीच्या वेळीही झालं नव्हतं.

दोन पुरुष एकत्र राहतात, यावर अजून कुणी काही बोललंच नव्हतं. गौरी पुढ्यातच उभ्या होत्या, नेसवलेल्या, मध्ये त्यांची बाळं. मोठ्या आईंनी एकदा तिकडं बघितलं, एकदा टीव्हीकडं, आणि म्हणाल्या, "ह्या बी दोघीच की." आत्तींनी "अहो, त्या बहिणी आहेत!" म्हणून हळदीकुंकवाचं ताट उगाचच इकडचं तिकडं केलं.

खरी ठिणगी पडली ती डायपरपाशी.

पोरगी रडते. रात्र आहे. एकजण उठतो. दुसरा बाटली गरम करतो. एकजण बदलतो, दुसरा पुसतो. पोरगी परत रडते. परत उठतात. हे बघता बघता हॉलमधल्या बायका गप्प झाल्या. आधी जावेनं दिराकडं बघितलं. मग आत्तींनी मामांकडं. सासूबाईंनी आप्पांकडं बघायच्या आधी माझ्याकडं बघितलं, आणि मग आम्ही दोघींनी मिळून यांच्याकडं. ओंकार लहान असताना रात्री रडायला लागला की हे झोपेतच म्हणायचे, "अगं, रडतोय तो." निरीक्षण अचूक असायचं.

आप्पांना हे सहन होईना. ते खोकले नाहीत, सरळ म्हणाले, "मागं बाई असणार."

"कुठं आहे बाई?" सासूबाई.

"दाखवत नसतील. पण असणारच. पुरुषाला हे जमतंय होय?"

"नाहीये बाई, आप्पा," गार्गी म्हणाली. "घरात दोघंच आहेत."

"मग स्वयंपाकाला तरी असेल."

त्यानंतर प्रत्येक भागात आप्पा ती बाई शोधत बसले. स्वयंपाकघरात मागं सावली हलली की म्हणायचे, "ती बघा." तो फ्रीज असायचा.

मामांनी शेवटी संस्कृतीचा मुद्दा काढलाच, पण त्यालाही डायपरचा वास होता. "एकदा असलं दाखवायला लागले, की मग घराघरात बायका हेच मागणार," ते म्हणाले. गार्गीनं त्यांना खूश करायला सांगितलं की अमेरिकेतही तुमच्यासारखे आहेत. २०१२ साली एनबीसी या तिथल्या वाहिनीवर 'द न्यू नॉर्मल' नावाची मालिका आली, त्यातही दोन पुरुषच सरोगसीनं मूल होऊ देतात. एनबीसीचे कार्यक्रम दाखवणाऱ्या सॉल्ट लेक सिटीच्या केएसएल वाहिनीनं ती दाखवायलाच नकार दिला. घरच्यांनी मिळून टीव्ही बघायच्या वेळेला ती शोभत नाही म्हणून. ती मालिका २२ भागांतच आटोपली. "शहाणी माणसं," मामा म्हणाले. मग म्हणाले, "ही का नाही आटोपली?" याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. त्याच साली ओबामांच्या घरीही 'मॉडर्न फॅमिली' आवडीनं बघत होते आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या रॉम्नींच्या बायकोचीही ती लाडकी मालिका होती. आमच्याकडं मामा एका गटात आणि दीर दुसऱ्या, पक्ष मूळचा एकच. दोघं एकमेकांच्या सभेला जात नाहीत, पण लोड दोघांनी एकच घेतला होता.

कॅमरन सारखा रडतो. आनंदानं रडतो, दुःखानं रडतो, मध्येच नुसताच रडतो. तो नट प्रत्यक्षात समलिंगी नाही आणि या भूमिकेसाठी त्याला २०१० आणि २०१२ अशी दोनदा एमी हा टीव्हीचा मानाचा पुरस्कार मिळाला, हे ऐकल्यावर जाऊ म्हणाली, "रडण्याबद्दल बक्षीस?" आणि कांदा चिरायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ओंकारनं मुद्दाम दुसऱ्या सीझनमधला एक भाग लावला. त्याची हकिकत अशी, की पहिल्या सीझननंतर तिथल्या प्रेक्षकांनीच फेसबुकवर मोहीम काढली होती : बाकीची जोडपी एकमेकांचे मुके घेतात, मग या दोघांनाच का नाही? आमच्या घरात हे ऐकून खरोखर शांतता पसरली. आमच्याकडं जे नको म्हणून मी रिमोट धरून बसते, त्यासाठी तिकडं माणसं मागणी करतात! सप्टेंबर २०१० मध्ये तो भाग आला. माझा अंगठा तयार होता. आप्पांनी घसा साफ करून ठेवला होता.

पण त्या भागाची खरी गोष्ट म्हाताऱ्या जेची निघाली. यानं पोरांना कधी जवळ घेतलं नाही, म्हणून मिचेल चारचौघांत अवघडतो. शेवटी जे ओशाळत, घुटमळत आपल्या थोराड मुलाचा मुका घेतो, आणि त्या दोघांचा मुका मागं कुठंतरी, घरच्यांच्या गर्दीत उरकतो. माझा अंगठा हललाच नाही. मला कळलंच नाही. सगळे जेकडं बघत होते. आमचे हे आप्पांकडं बघत होते. आप्पांनी आयुष्यात माया दाखवली ती "गाडीत पेट्रोल आहे का?" एवढ्या एका प्रश्नातून. आप्पा जरा वेळ बसले आणि यांना म्हणाले, "चाकात हवा बघितलीस का?"

"बघतो, आप्पा," हे म्हणाले.

आत्तींनी मग विचारलं, अशी पोरगी आपल्याकडं मिळते का? हे गार्गीचं खास खातं. तिनं सांगितलं, की ३७७ कलमाचा काच सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला काढला, म्हणजे अशी माणसं आता गुन्हेगार नाहीत. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात त्यांच्या लग्नाला मान्यता मिळाली नाही, आणि जोडीनं मूल दत्तक घ्यायचा मुद्दाही तीन विरुद्ध दोन असा गेला. दत्तक घ्यायचं तर जोडप्याचा किमान दोन वर्षांचा टिकलेला संसार लागतो, तोही कायद्यानं लग्न झालेल्यांचा. एकट्या पुरुषाला मूल मिळतं, पण मुलगी नाही. २०२१ च्या कायद्यामुळं सरोगसीची वाटही बंद.

"म्हणजे लिली साताऱ्यात नसतीच आली?" जाऊ म्हणाली.

"आली असती, तर यांच्याकडं नसती राहिली."

आदल्या दिवशी "असली थेरं" म्हणणाऱ्या आत्ती आता सरकारवर घसरल्या. "दोन-दोन माणसं रात्रीची उठतायत, आणि यांना कागद पाहिजेत!" त्यांच्या सातबाऱ्यावरचं एक मयत नाव वर्षानुवर्षं निघत नाही, त्यामुळं कागद म्हटलं की त्या कुणाच्याही बाजूनं भांडतात.

गौरी गेल्या, पाहुणे पांगले, केबल परत आली. पण सासूबाईंना आता मालिकेतली सून सपक वाटते. तिसऱ्या सीझनमध्ये लिलीचं काम करणारी मुलगी बदलली, तेव्हा ओंकारला वाटलं मोठ्या आई गोंधळतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "पयली सोडून गेली आसंल. पैशावरनं." मराठी मालिकांवर पोसलेल्या प्रेक्षकाला अमेरिका काय फसवणार?

आत्तींनी कोरेगावला जाताना पासवर्ड नेला. रोज सकाळी भाजी फोडणीला टाकली की त्यांचा फोन येतो. परवा त्या पाचव्या सीझनच्या शेवटाला पोचल्या; मिचेल आणि कॅमरनचं लग्न, २०१४ सालचं. वणवा लागून कार्यालय बदलावं लागतं, धावपळ होते, आणि अखेर जेच्या क्लबात लग्न लागतं. मला वाटलं, गहिवरल्या असतील.

"जेवणात काय होतं ते दाखवलंच नाही," आत्ती म्हणाल्या. "आणि मला एक सांग, दोन्हीकडं वरपक्षच म्हटल्यावर मांडव कुणी घालायचा? रुसायचं कुणी?"

मी म्हटलं, "दोघांनी आळीपाळीनं."

मागून मामांचा आवाज आला. हे बघत नसलेले मामा. "निम्मा-निम्मा खर्च करायचा आणि मानपान बंद!"

"मानपान बंद कसा?" आत्ती फोन हातात धरूनच त्यांच्यावर ओरडल्या. "दोन दोन विहीणबाई आहेत! कॅमरनची आई गावाकडची आहे, तिला साडी नको?"

"तिकडं साडी नेसत नाहीत."

"मग झगा द्या, पण द्या!"