गाडीच्या स्क्रीनला लॅपटॉप जोडा, पण त्या फॉरवर्डच्या भरवशावर नको

गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरत असतो. त्याचा सारांश असा: ‘टचस्क्रीन म्हणजे नुसता रेडिओ. साध्या यूएसबी केबलने लॅपटॉप जोडा आणि कंपनीने लपवलेली फीचर्स फुकटात चालू करा. इंजिन-ब्रेकशी स्क्रीनचा संबंध नसतो. बिघडलंच काही, तर फॅक्टरी रीसेट मारा. वॉरंटीला कायद्याने धक्का लागत नाही.’ गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणाऱ्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही, मीही त्यातलाच. पण या मजकुरातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात गफलत आहे.

आधी केबल. गाडीतला यूएसबी पोर्ट पेनड्राइव्ह किंवा फोन लागेल याची वाट बघत असतो. लॅपटॉपचा पोर्टही तेच करतो. दोघंही हुकूम सोडणारे, ऐकणारा कोणीच नाही. त्यामुळे साधी केबल लावून बहुतेक गाड्यांत काहीही घडत नाही. दोन्ही टोकांना चपटा प्लग असलेली केबल शोधून आणलीत, तर दोन्हीकडचे ५ व्होल्ट समोरासमोर येतात आणि पोर्ट जळू शकतो. प्रत्यक्षात लोक वेगळ्या वाटांनी शिरतात. माझ्दा या जपानी कंपनीच्या गाड्यांत स्क्रीनमागे लिनक्स ही संगणकाचीच ऑपरेटिंग सिस्टीम चालते. परदेशातले मालक तिच्या यूएसबी पोर्टात इथरनेट अडॅप्टर (नेटवर्कची वायर लावायचा जोड) लावून, नेटवर्कवरून लॅपटॉपने आत लॉगिन करत. अडॅप्टरच्या चिपचा ड्रायव्हर गाडीकडे असला तरच हे जमे, आणि 59.00.502 या फर्मवेअरपासून (स्क्रीनच्या आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती) कंपनीने ती सोपी वाटही बंद केली.

आपल्याकडे जास्त वापरातली वाट म्हणजे स्टीअरिंगखालचा १६ पिनांचा ओबीडी पोर्ट, म्हणजे मेकॅनिक गाडीतले दोष तपासायला वापरतात तो. फोर्डच्या इकोस्पोर्ट, एन्डेव्हरवाले त्यात अडॅप्टर खुपसून लॅपटॉपवर फोरस्कॅन हे फोर्डच्या सेटिंग वाचणारं-बदलणारं सॉफ्टवेअर चालवतात. इथेही मेख आहे. या फोर्ड गाड्यांत पिन ६ आणि १४ वर ५०० केबीपीएसची (सेकंदाला ५०० किलोबिट) लाइन असते, तर ३ आणि ११ वर १२५ केबीपीएसची. स्वस्तातला ईएलएम३२७ अडॅप्टर फक्त पहिल्या जोडीशी बोलतो. त्याला दुसऱ्या जोडीवरची मॉड्यूल्स, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, दिसतच नाहीत, आणि मग माणूस ‘माझ्या गाडीत ते फीचर नाहीच’ म्हणून मोकळा होतो.

आता सगळ्यात घातक वाक्य: स्क्रीनचा इंजिन-ब्रेकशी संबंध नाही. २०१५ साली चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक या दोन सुरक्षा-संशोधकांनी अमेरिकेत घरी बसून, इंटरनेटवरून, हायवेवर धावणाऱ्या जीप चेरोकीचं ट्रान्समिशन निकामी करून दाखवलं. गाडी एक पत्रकार चालवत होता, त्याच्या संमतीने. ते शिरले होते युकनेक्ट या इन्फोटेन्मेंट सिस्टीममधूनच. त्या स्क्रीनमागच्या मुख्य प्रोसेसरला गाडीच्या कॅन बसवर (इंजिन, ब्रेक वगैरेंची मॉड्यूल्स जिच्यावरून एकमेकांशी बोलतात ती वायर) थेट बोलता येत नव्हतं. ते काम शेजारच्या एका छोट्या चिपकडे होतं. पण त्या चिपमध्ये नवं फर्मवेअर घालताना ते कंपनीचंच आहे का, हे कोणी तपासत नव्हतं. दोघांनी आपलं फर्मवेअर घातलं आणि रेडिओ ब्रेकशी बोलू लागला. फियाट क्रायस्लरला १४ लाख गाड्या रीकॉल कराव्या लागल्या. पुढे २०१८ च्या मॉडेलांपासून त्यांनी मध्ये सिक्युरिटी गेटवे, म्हणजे बाहेरचे हुकूम अडवणारा पहारेकरी, बसवायला सुरुवात केली.

इंजिन-ब्रेकपर्यंत पोचायला ओबीडीवाल्यांना तर एवढी कसरतही करावी लागत नाही. फोरस्कॅन उघडलं की एकाच यादीत स्क्रीन, एबीएस (ब्रेक), एअरबॅग, इंजिन अशी सगळी मॉड्यूल्स एकाखाली एक दिसतात. स्क्रीनऐवजी वरच्या ओळीवर क्लिक व्हायला कितीसा वेळ लागतो?

‘लपवलेली फीचर्स’ या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. फोर्डच्या ‘सिंक’ नावाच्या स्क्रीनचं मॉड्यूल 7D0 या पत्त्यावर असतं. त्यातल्या 7D0-01-01 सारख्या ओळींत हेक्स (० ते ९ आणि A ते F) आकडे भरलेले असतात आणि ओळीतला शेवटचा बाइट चेकसमचा, म्हणजे बाकीचे आकडे बरोबर आहेत का हे पडताळणारा. एखादा आकडा बदलला की मेन्यूत नवा पर्याय उगवतो. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत सीट गरम करायची सोय मासिक भाड्याने देऊ केली होती. हीटर सीटमध्ये आधीच बसवलेला होता. लोक चिडले, आणि पुढच्या वर्षी कंपनीने माघार घेतली. असल्या ठिकाणी कुलूप खरंच सॉफ्टवेअरचं असतं. पण जे बसवलेलंच नाही ते आकडे बदलून येत नाही. रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर मागपर्यंत गेलेली नसेल, तर मेन्यूत ‘कॅमेरा’ येईल आणि पडदा काळा राहील. माझ्दाने जुन्या गाड्यांना कारप्ले (आयफोन गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) दिलं, तेव्हा फर्मवेअरबरोबर यूएसबी हबचा नवा भागही बसवावा लागत होता.

फॅक्टरी रीसेटवर लोकांची भारी श्रद्धा. तो पुसतो काय? जोडलेले फोन, कॉन्टॅक्ट, रेडिओची स्टेशनं. तुम्ही मॉड्यूलमध्ये बदललेले आकडे किंवा सिस्टीमच्या फायलींत केलेली ढवळाढवळ त्याच्या आवाक्याबाहेर असते. आणि स्क्रीन बूटच होत नसेल, तर रीसेटच्या बटणापर्यंत पोचणार कसे? २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सिअॅटल भागात हेच झालं. केयूओडब्ल्यू या ९४.९ एफएम स्टेशनने डिजिटल रेडिओतून पाठवलेल्या चित्रांच्या फाइल-नावांना एक्स्टेन्शनच (शेवटचं ‘.jpg’ सारखं शेपूट) नव्हतं. जुनं सॉफ्टवेअर असलेल्या २०१४ ते २०१७ च्या काही माझ्दांच्या स्क्रीन तेवढ्यावरून रीस्टार्टच्या फेऱ्यात अडकल्या. मालकांनी कशाला हातही लावला नव्हता. नवा भाग सुमारे १,५०० डॉलरचा, आणि तोही लवकर मिळेना. त्यामुळे काहीही बदलण्याआधी प्रत्येक मॉड्यूलचे मूळ आकडे फाइलमध्ये साठवून ठेवा. फर्मवेअर घालताना बॅटरीला चार्जर लावा. इग्निशन चालू, इंजिन बंद, अशात व्होल्टेज पडलं की लिहिणं अर्ध्यावर तुटतं.

राहिली वॉरंटी. ‘कायद्याने धक्का लागत नाही’ हे अमेरिकन व्हिडिओंमधून उचललेलं आहे. तिथे वॉरंटीविषयीचा १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे, आणि तोही तुम्ही केलेल्या बदलामुळेच बिघाड झाला असेल तर वाचवत नाही. इथे तो कायदा लागू नाही; वॉरंटीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते आधी वाचा. फोर्डवाल्यांची गोष्ट आणखी वेगळी. कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे बहुतेकांना वॉरंटीपेक्षा जुनं मॉड्यूल कुठे मिळेल याची चिंता. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारात मिळालंच, तरी ते दुसऱ्या गाडीचे आकडे घेऊन येतं. आपल्या गाडीचे मूळ आकडे साठवलेले नसतील, तर त्यात भरणार काय?